मॅडमचं फिरतं घर

रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात ज्यांच्या जागेत माझी फॅब्रिकेशनची शेड होती, त्या मॅडमनी जागा दाखवताना सगळ्यात आधी वर बोट केलं होतं.

"मेस्त्री, हा वरचा पत्रा सिमेंटचा आहे. जुना आहे. त्याला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, घासायचा नाही. आपण त्याला त्रास दिला नाही तर तो आपल्याला देत नाही. पंखा लावायचा तर खालच्या अँगलला लावा. कबूल असेल तर चावी घ्या."

थ्री फेज लाईट आहे का, टेम्पो आत वळतो का, एवढेच प्रश्न घेऊन मी आलो होतो. आणि ही बाई पत्र्याच्या तब्येतीबद्दल बोलत होती. मी कबूल म्हटलं आणि चावी घेतली. तिथे मी कितीतरी वर्षं टेम्पोच्या बॉड्या बांधल्या, गेट केले, जाळ्या केल्या, पण त्या पत्र्याला कधी ड्रिल लागलं नाही.

मॅडम शेडच्या मागच्या घरात एकट्या राहायच्या. रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. त्या तिथे लागल्या तेव्हा लॅबमध्ये दुसरी बाई नव्हती, म्हणून कंपनीत सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे, आणि तेच नाव त्यांच्याबरोबर नदीवरचा पूल ओलांडून अष्टमीत आलं. भाजीवालीपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या त्या मॅडम. उंचीला कमी, साडी नेहमी सुती, पायात मात्र पुढे लोखंडी टोपी असलेले कंपनीचे बूट. लग्नालासुद्धा तेच.

त्यांच्या सवयी सांगायला लागलो तर संध्याकाळ होईल. चहाचा कप हातात घेण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या, आणि मलाही धुवायला लावायच्या. कामाचे कपडे घालून घरी जेवायला जाणं त्यांना चालायचं नाही. माझ्यासाठी त्यांनी मागच्या पडवीत खुंटी मारली होती. "इथं शर्ट बदला, मग घरी जा. बायको-पोरांना भेटायला जाताना कारखाना बरोबर न्यायचा नाही." शेडमध्ये कुणी कोरडा झाडू मारायला लागलं की त्या घरातून पाण्याची झारी घेऊन धावत यायच्या. माझा एक वेल्डर त्यांना पाठीमागे 'झारीबाई' म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी त्याच्या हातात झारी देऊन सांगितलं, "घे, आज तू झारीभाऊ."

एकदा जिते गावचा एक टेम्पोवाला आला. त्याने थिनर आणला होता पाण्याच्या बाटलीत. मॅडमनी बाटली उचलली, टेबलावर ठेवली आणि त्याला विचारलं, "घरी पोरं आहेत?"

"हायत की. दोन."

"ती खेळून दमून आली, तहान लागली, ही बाटली दिसली. पुढं काय, ते तुम्ही सांगा."

आणि मॅडम बाटलीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शेवटी तो स्वतःच उठला, पत्र्याचा डबा शोधला, थिनर त्यात ओतला आणि बाटली चिरडून टाकली. जाताना मला म्हणाला, "तुमची मालकीन लय डेंजर हाय." मी म्हटलं, व्हय, हाय. आणि ते म्हणताना मला का कोण जाणे, बरं वाटलं.

तर अशी ही बाई एक दिवस डोलवीकडून येताना एसटीतून मध्येच उतरली आणि हायवेच्या कडेच्या एका भंगारवाल्याकडून एक गाडी घेऊन आली.

गाडी म्हणजे इंजिन नसलेली. मागे जोडून ओढायची, राहायच्या खोलीसारखी. ॲल्युमिनियमची, कोपरे गोल, अंड्यासारखी दिसणारी. म्हणे कुणा परदेशी इंजिनिअरने फार पूर्वी बोटीतून आणली होती, कुठल्याशा मशीनच्या उभारणीला आला तेव्हा राहायला. तो गेला, गाडी राहिली. मग ती साईटचं ऑफिस झाली, मग कुणा वॉचमनचं घर, मग उंदरांचं. ती ओढत आमच्या आवारात आणली तेव्हा चारी बाजूंनी हिरवा रंग पोपडे होऊन लोंबत होता.

"मॅडम, ह्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"फिरायला जायचं."

"कुठे?"

"निळं पाणी बघायला," म्हणाल्या आणि विषय बदलला.

मला वाटलं होतं महिन्याभराचं काम. दार उघडायला गेलो तर मॅडमनी हात धरला. "आधी लांबून उघडा. खिडक्या, दार, सगळं. आणि इकडे या." मग त्या आंब्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसल्या. मी विचारलं, आत कधी जायचं? म्हणाल्या, "आतली हवा जुनी आहे. तिला आधी बाहेर जाऊ दे." चांगले दोन-तीन दिवस त्यांनी मला आत पाय ठेवू दिला नाही. मग उंदरांच्या लेंड्यांवर ब्लीचचं पाणी फवारून, मुरवून, हातमोजे घालून, ओल्या फडक्याने सगळं उचलायला लावलं. आतमध्ये गॅसवर चालणारा जुना फ्रिज होता. त्याचा पाईप कापणार एवढ्यात पुन्हा हात धरला. आत अमोनिया असतो म्हणाल्या. तो फ्रिज न कापता, उभाच्या उभा, रेफ्रिजरेशनच्या माणसाकडे गेला.

"मॅडम, तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते," मी एकदा वैतागून म्हटलं.

"भीती नाही, मेस्त्री. मान. लॅबमध्ये मी जन्मभर ॲसिड हाताळलं. एकदाही भाजले नाही. कारण एकदाही त्याला किरकोळ समजले नाही."

ग्राइंडरची गंमत सांगतो. रंग खरवडायला मी ग्राइंडर लावला. चकती रंगाला टेकते न टेकते तोच बंद. मला वाटलं, लाईट गेली. मागे वळून बघतो तर मॅडम मेन स्विचपाशी उभ्या, हात अजून खटक्यावर.

"तुमची धाकटी मुलगी काय करते हो आता?"

"रांगते," मी म्हटलं. हा काय प्रश्न, तेही ग्राइंडर बंद करून!

"हा रंग जुना आहे. जुन्या रंगात शिसं असतं. ग्राइंडर लावलात तर त्याचं पीठ होईल. ते तुमच्या केसात बसेल, मानेवर बसेल. तुम्ही घरी जाल, पोरीला उचलाल. ती हात तोंडात घालेल. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं, लहान पोराच्या मेंदूचं नाही निभावत."

"ह्याच रंगात शिसं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का पण?"

"नाही ना माहीत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच थांबायचं. आधी तपासू."

हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडायचं. एवढी वर्षं लॅबमध्ये काढून 'मला माहीत नाही' हे त्या इतक्या आरामात म्हणायच्या, जणू कुणी वेळ विचारली आणि घड्याळ घरी राहिलं होतं. रंगाचे पोपडे ओले करून, पिशवीत बंद करून त्यांनी जुन्या लॅबच्या ओळखीने तपासायला पाठवले. शिसं निघालं, आणि बरंच निघालं. त्या दिवशी मी घरी गेल्यावर पोरीला उचलण्याआधी दोनदा अंघोळ केली.

खरी अडचण आली ती त्यानंतर. स्वयंपाकाच्या ओट्यामागे, शेगडीच्या पाठीशी, एक राखाडी रंगाचा बोर्ड होता. कडा तुटलेल्या, मधून भुगा सुटलेला. मॅडमनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ओळखत होतो त्यांना, तो चेहरा मी पहिल्यांदा बघितला. त्यावर त्यांनी हळूच पाणी फवारलं, चिमूटभर तुकडा डबल पिशवीत घेतला, ओलं प्लॅस्टिक चिकटवून जागा झाकली आणि सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावलं. तुकडा मुंबईला गेला. उत्तर आलं: ॲस्बेस्टॉस.

"आमच्या शेडच्या पत्र्यातही तेच आहे ना?" मी म्हटलं. "तो तर डोक्यावर आहे आपल्या."

"तो अखंड आहे, घट्ट आहे. हा भुसभुशीत झालाय. गाडी रस्त्यावर हादरे खाणार, हा झडत राहणार, आणि आत माणूस झोपणार. हा निघायलाच हवा. पण तो आपण काढायचा नाही. ज्यांना त्याचं शिक्षण आहे, परवाना आहे, त्यांनी काढायचा."

अशी माणसं त्यांना कंपनीच्या ओळखीने मिळालीही. पण एका कारखान्याचं दुरुस्तीचं शटडाऊन चालू होतं, ती सगळी त्यात अडकलेली. ते संपल्याशिवाय येणार नव्हती. दिवस जायला लागले. गाडी कुलपात. आणि मॅडम, ज्या कधी कुणाची घाई करत नव्हत्या, त्या रोज फोन करायला लागल्या, रोज फाटकापर्यंत जाऊन यायला लागल्या. मला राहवेना. मी म्हटलं, "मॅडम, तोंडाला ओलं फडकं बांधतो, एका तासात बोर्ड बाहेर काढतो. कुणाला कळणार पण नाही."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "उद्या पेणला जायचंय. तुम्ही चला माझ्याबरोबर."

पेणच्या पुढे खाडीकडे त्यांचं माहेर. मिठागरात काम करणारं घर. तिथे त्यांचा थोरला भाऊ, दादा, पलंगावर उशांना टेकून बसलेला. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. कधीकाळी धिप्पाड असणार. खांदे अजून रुंद होते, बाकी माणूस आत ओढल्यासारखा झाला होता.

"ये रं मेस्त्री, बस," ते म्हणाले. दोन शब्द, मग श्वास. "ही बाय तुला लय तरास देते, आयकलंय मी."

अष्टमीत शुद्ध बोलणाऱ्या मॅडम इथे उंबऱ्यातच बदलल्या होत्या. "काय नाय तरास देत मी. दादा, गाडीला उशीर हाय. त्यात ता निघालंय. तुज्या गोदीतला."

दादांनी डोळे मिटले. मग मला सांगायला लागले, थांबत थांबत.

"मुंबईला गोदीत व्हतो मी. तरना व्हतो. बोटीच्या बॉयलरला, पायपांना पांढरं लावलेलं आसायचं. ता आमी हातांनी सोलायचो. कापसासारकं उडायचं. जेवायच्या सुट्टीत... त्याचं गोळं करून एकमेकांना मारायचो. हसायचो." त्यांना खोकला आला. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, नळी नीट केली, घोटभर पाणी दिलं. "सुट्टीला घरी आलो की... ही माजं कपडं झटकून धुवाची. एवढीशी व्हती. माज्या पगारावर ही शिकली रं. कंपनीत साहेबीन झाली. आनि तिनंच मला सांगितलं, ता कापूस कसला व्हता."

मॅडम दर वर्षी स्वतःच्या छातीचा एक्स-रे का काढून घेतात, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"मला निळं पानी बघायचं हाय," दादा म्हणाले. "जनम गेला खाडीच्या गढूळ पान्यात आनि गोदीच्या काळ्या पान्यात. एसटीत बसवत नाय, मोटारीत बसवत नाय. म्हनून हिनं ता घर घेतलं." मग त्यांनी माझा हात धरला. पकड अजून मजबूत होती. "पन आयक. तू ता फडकं बांधून काढशील, आनि ती धूळ तुज्या छातीत जाईल... तर मी त्या गाडीत पाय ठेवनार नाय. पानी दिसलं नाय तरी चालंल. माज्यासाठी कुनी ता हुंगायचं नाय. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

"तवा आमाला सांगनारा कुनी नव्हता रं. तुला हाय."

परत येताना रोह्याजवळ आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "थांबवेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, थांबेन.

मध्ये दादांना पेणच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मॅडम सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. आवारात पाय ठेवला की आधी त्या गाडीच्या कुलपाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी मान हलवायचो. कुणी हात लावला नाही, असा त्याचा अर्थ. त्या दिवसांत मला वाटायचं, ही बाई कुठल्या मातीची आहे! सगळं लवकर उरकायचं कारण तिच्याकडे होतं, तेवढं कारण दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. आणि तरी ती थांबली होती.

शेवटी ती माणसं आली. पांढरे सूट, पूर्ण चेहऱ्याचे मास्क. गाडीभोवती प्लॅस्टिकचा तंबू उभा राहिला. अष्टमीत ही बातमी वाऱ्यासारखी गेली. बायका फाटकाशी जमल्या. एक म्हणाली, "काय गो, परत कोरोना आला काय?" मॅडमनी लांबवर दोरी बांधली होती आणि स्वतःही दोरीच्या बाहेरच, उन्हात, लोखंडी बूट घालून उभ्या होत्या. कुणालाही आत सोडत नव्हत्या, स्वतःलाही नाही. बोर्ड भिजवून, न मोडता, पिशवीत पिशवी घालून, वर लाल अक्षरात लिहून बाहेर आला आणि कंपन्यांचा असला कचरा जिथे रीतसर पुरतात तिथे, तळोज्याकडे गेला. तो हायवेला लागेपर्यंत मॅडम हलल्या नाहीत. मग त्या खाली, जमिनीवरच बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. तेवढ्यातही त्यांनी आधी हात धुतले.

मग रंगाचं काम माझ्यावर आलं. इथे माझी दाढी आडवी आली. मला तेव्हा छातीपर्यंत दाढी होती, आणि तिचा मला अभिमान होता. मॅडमनी मला फिल्टरचा रबरी मास्क घालायला लावला, फिल्टरवर तळहात दाबले आणि म्हणाल्या, श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता. फुस्स करून दाढीतून हवा आली.

"दाढी किंवा काम," त्या म्हणाल्या.

मी समोरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी उतरवली. घरी गेलो तर थोरली मुलगी दारातून ओरडली, "आई, कोणीतरी आलंय!" दुसऱ्या दिवशी मास्क असा बसला की मॅडमनी टाळी वाजवली. मग पाणी मारत मारत, हाताने, पट्टीने, ओल्या पॉलिश पेपरने सगळा हिरवा रंग उतरवला. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, पडलेला प्रत्येक पोपडा गोळा केलेला, रोज संध्याकाळी सूट तिथेच उतरवून, अंघोळ करूनच घर. काम संपल्यावर त्यांनी माझ्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. ठीक आलं. तो रिपोर्ट बघून त्या अशा हसल्या, जशी शाळेतली बाई पहिल्या आलेल्या पोराकडे बघून हसते.

हिरव्याखालून जे ॲल्युमिनियम निघालं ते चांदीसारखं होतं. नवा रंग द्यायचा बेत होता, पण मॅडम म्हणाल्या, असंच राहू दे. आत नवं प्लायवूड, पलंग, ऑक्सिजनच्या मशीनसाठी इन्व्हर्टर, सगळीकडे खिडक्या. पेणच्या आरटीओची तपासणी झाली, कागद झाले. दादाही दवाखान्यातून घरी आले होते. डॉक्टर म्हणाले, न्यायचं असेल तर आता न्या.

माझ्या जीपला गाडी जोडली आणि पेणला गेलो. दादांना उचलून पलंगावर ठेवलं. पेणहून रोहा, चणेऱ्यावरून साळाव, तिथून समुद्राच्या कडेने काशीद. मी इतक्या हळू चालवत होतो की मागून सायकलवालेसुद्धा पुढे जात होते. मॅडम आत त्यांच्याजवळ बसल्या होत्या. ओहोटीची वेळ, ऊन स्वच्छ, आणि पाणी, देवाशपथ, निळं होतं. मी दार उघडलं, उशा लावल्या. दादा दारात बसले. नळी नाकात, पाय पायरीवर. पाण्यावरून नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाले, "गो बाय, ह्यात मीठ कसं दिसत नाय?" आणि दोघं भाऊ-बहीण हसायला लागले, त्यांचं त्यांनाच ठाऊक कशाला.

चांदीची गाडी बघून किनाऱ्यावरची माणसं गोळा व्हायला लागली. पुण्याकडचं एक कुटुंब आलं, पोरं पुढे. त्यातल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, आतून बघू का जरा? कुणी बनवली हो ही?"

दादा सरळ बसले. पलंगाच्या काठाला धरून उभे राहायला लागले. मी धावलो तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. उभे राहिले ते, दाराला धरून, खांदे रुंद करून.

"माज्या बहिनीनं," ते म्हणाले. श्वास घेतला, पुन्हा म्हणाले, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं. "माज्या बहिनीनं बनवली. आत या. पोरांना पन घेऊन या. बिनघोर दम घ्या. आत काय सुदा वंगाल नाय."

पोरं त्यांच्या बाजूने आत धावली. मॅडम चाकाजवळ उभ्या होत्या. मी बघतोय हे कळल्यावर त्या वाकून टायरची हवा बघायला लागल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या.